गव्हाणीत काय पडलं ते सांगा, शेण किती पडेल ते सांगतो

पहिला गोबरगॅस बसवला तेव्हा मी हिशेब केलाच नाही, तो बसवणाऱ्याने केला. "चार जनावरं ना? जनावरामागे पंधरा किलो, म्हणजे साठ. रोज दोन घनमीटर गॅस देणाऱ्या टाकीला पन्नास लागतं. दहा किलो शिल्लक!" दोन बैल, दोन गावठी गाई. मलाही पटलं. मे महिन्यात टाकी भरली आणि पंधरा दिवसांत घरातून ओरड सुरू झाली, कारण डाळ शिजता शिजता शेगडी फुरफुरून विझायची. शेवटी टांगता काटा आणून तीन दिवस शेण मोजलं. रोजचं भरलं एकतीस किलो. टाकीत खोट नव्हती, चूक त्या 'पंधरा किलो'त होती.

नवा गोठा घालणारा, गोबरगॅस घेणारा किंवा शेणखताच्या भरवशावर शेतीची आखणी करणारा माणूस पहिल्यांदा हाच आकडा विचारतो: एक जनावर किती शेण देतं, किती मुततं? उत्तर म्हणून त्याला एक ठोकळ आकडा मिळतो. त्या आकड्यावर पैसे घालण्याआधी आपला आकडा आपण कसा काढायचा, ते पुढे पायरीपायरीने सांगतो. लागणारं सामान घरचंच: कापडी टेप, काटा, घमेलं, बादली, पत्र्याचा तुकडा आणि वही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

शेण म्हणजे पचलं नाही ते. जनावराच्या तोंडात गेलेल्या कोरड्या चाऱ्यातून पचलेला भाग वजा केला की उरतं ते कोरडं शेण, आणि त्यात पाणी मिसळलं की घमेल्यात येतं ते ओलं शेण. म्हणून 'चारशे किलोचा बैल किती शेण देतो' या प्रश्नाला वैरण कळल्याशिवाय नीट उत्तर देता येत नाही.

बाहेरचे तक्ते इथेच फसवतात. अमेरिकेत मांसासाठी जनावरं पोसणारे मोठे वाडे आहेत. तिथल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेचा जुना तक्ता सांगतो की अशा जनावरांच्या दर 1000 किलो जिवंत वजनामागे रोज 58 किलो शेण-मूत्र निघतं, त्यात 18 किलो मूत्र. दुभत्या गाईंसाठी हाच आकडा 86 आणि 26. पण वाड्यातलं जनावर शेवटचे काही महिने मुख्यतः मक्याच्या दाण्यावर असतं, आणि दाणा ऐंशी टक्क्यांच्या आसपास पचतो. आपला बैल कडब्यावर, ज्यातलं जेमतेम निम्मं पचतं. दहा किलो कोरडा खुराक खाऊन तिथलं जनावर दोन किलो कोरडं शेण टाकेल, तर दहा किलो कडब्यामागे आपला बैल पाच किलोला टेकेल. त्या संस्थेलाही हे उमगलं. 2005 साली तक्ता नव्याने मांडताना त्यांनी नुसत्या वजनाचा आधार सोडून खाद्यावरून हिशेब करायची सूत्रं दिली. आपणही तोच रस्ता धरू, फक्त आकडे आपल्या गव्हाणीतले घेऊ.

पायरी 1: जनावराचं वजन

वजन लागतं ते खाण्याचा आकडा बरोबर आहे का हे तपासायला. वजनकाटा जवळ नसेल तर टेप पुरतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या. मग खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी घ्या. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 10840, की किलोत वजन येतं. घेर 175 आणि लांबी 140 असलेल्या बैलाचं वजन 395 किलो निघतं. पुढे चारशे धरू.

टेप सैल धरू नका, आणि जनावर चारही पायांवर सरळ उभं असताना मोजा. घेराचा वर्ग होतो, त्यामुळे तिथली पाच सेंटिमीटरची चूक वजनात बावीस-तेवीस किलो घालते. सकाळी पाणी पाजण्याआधी मोजलेलं बरं.

पायरी 2: खाल्लं किती, तेही कोरडं किती

खरा कस इथे लागतो. घातलेली वैरण तोला, दुसऱ्या दिवशी गव्हाणीत उरलेली तोला, वजाबाकी करा. बैल कडब्याची जाड धाटं चघळून टाकतो, ती 'खाल्ली' म्हणून धरायची नाहीत. कुट्टी करून घालत असाल तर उरणारं कमी.

मग प्रत्येक वैरणीतलं पाणी काढून टाका. वाळका कडबा, भुसा, पेंड यांत शंभरातले साधारण नव्वद भाग कोरडे असतात. हिरवा मका, हत्तीगवत, बांधावरचं गवत यांत वीसच्या आसपास. पावसाळ्याच्या सुरुवातीचं कोवळं गवत पंधरावरही येतं. दहा किलोची हिरवी पेंडी घातली म्हणजे प्रत्यक्षात दोन किलो चारा आणि आठ लिटर पाणी घातलं. हे ध्यानात आलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात, दूध का वाढत नाही हेसुद्धा.

आपल्या चारशे किलोच्या बैलाचं बघू. रोज कडबा 6 किलो, हिरवं गवत 10 किलो, सरकी पेंड 1 किलो. कोरडं मोजलं तर 5.4, 2 आणि 0.9. एकूण 8.3 किलो, म्हणजे वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा थोडं जास्त. बैलासाठी आणि भाकड जनावरासाठी दोन ते अडीच टक्के हे ठीक प्रमाण आहे, चांगल्या दुभत्या गाईचं तीनपर्यंत जातं. तुमचा आकडा दीड टक्क्याखाली आला तर तोलताना काहीतरी निसटलं असावं, किंवा जनावर खरोखर उपाशी असावं. चारवर गेला तर शेजारच्या दावणीचं जनावर आपल्या गव्हाणीत तोंड घालतंय का बघा. हसू नका, माझ्याकडे हे झालंय.

पायरी 3: त्यातलं पचणार नाही ते किती

अंदाजासाठी हे तीन आकडे पुरेत. कडबा, भुसा, काड यांतला साधारण 48 टक्के कोरडा भाग पचत नाही. हिरव्या चाऱ्यातला 40 टक्के. पेंड आणि पशुखाद्यातला 28 टक्के. चारा निबर झाला की न पचणारा भाग वाढतो. फुलोऱ्यात कापलेला मका आणि कणसं काढून महिनाभर उभी ठेवलेली ताटं यांना एकाच मापाने मोजू नका.

आपला बैल: कडब्याचे 2.6 किलो, गवताचे 0.8, पेंडीचे 0.25. बेरीज 3.65 किलो. हे झालं एका दिवसाचं कोरडं शेण.

पायरी 4: पाणी परत मिसळा

नेहमीच्या मिश्र वैरणीवर शेणात साधारण 82 टक्के पाणी आणि 18 टक्के कोरडा भाग असतो. 3.65 भागिले 0.18, म्हणजे रोजचं वीस किलो ओलं शेण. नुसत्या कडब्यावरच्या जनावराचं शेण घट्ट, कोरडा भाग वीस टक्के किंवा थोडा वर. हिरव्यावरच्या दुभत्या गाईचं पातळ, पंधराच्या आसपास. पहिल्या पावसानंतर कोवळ्या गवतावर सुटलेलं जनावर तर पो टाकतच नाही, पिचकारी मारतं. तेव्हा घमेली जास्त भरतात आणि माणूस खूश होतो, पण त्यात वाढलेलं असतं ते पाणी.

अंदाजावर थांबायचं नसेल तर एक किलो ताजं शेण पत्र्यावर पातळ पसरून कडक उन्हात वाळवा. वजन उतरायचं थांबलं की तोला. उन्हात वाळलेल्या शेणातही दहाएक टक्के ओल राहतेच, ती वजा करा. एक किलोचे दोनशे ग्रॅम उरले तर खरा कोरडा भाग 180 ग्रॅम, म्हणजे 18 टक्के. पावसाळ्यात ऊन नसेल तर चुलीच्या उबेला ठेवा, भाजू मात्र नका.

हाच हिशेब संकरित गाईला लावून बघू. वजन 450 किलो, दूध बारा लिटर. हिरवा मका 20 किलो, कडबा कुट्टी 4 किलो, पशुखाद्य 5 किलो. कोरडं खाणं 12.1 किलो, न पचलेलं सुमारे 4.6. शेण पातळ, म्हणून 0.15 ने भागायचं: साधारण तीस किलो. बैलापेक्षा ती अवघी पन्नास किलोने जड, पण शेण दीडपट. उलट, मे महिन्यात नुसत्या सहा किलो कडब्यावर उभा असलेला तोच बैल घ्या. कोरडं शेण 2.6 किलो, घट्ट म्हणून 0.20 ने भागलं तर तेरा किलो. बैल तोच, वजनही जवळपास तेच, पण उन्हाळ्यात शेण वीसवरून तेरावर आलं. आमच्या शेगडीचं रहस्य त्यात होतं.

पायरी 5: मूत्राचा अंदाज

शेण घमेल्यात बसतं, मूत्र बसत नाही. त्यामुळे याबाबत लोकांचे आकडे तीन लिटरपासून तीस लिटरपर्यंत ऐकायला मिळतात. सुरुवातीला शंभर किलो वजनामागे दोन लिटर धरा. चारशे किलोच्या बैलाचे सात-आठ लिटर होतात. दुभत्या गाईला, ती पाणीही जास्त पिते म्हणून, शंभर किलोमागे अडीच ते तीन.

मग पाण्याचा ताळेबंद मांडून तपासा. बैल तीस लिटर पाणी प्यायला आणि हिरव्या गवतातून आठ लिटर गेले, म्हणजे आत 38. त्यातले साडेसोळा वीस किलो शेणातून बाहेर पडले. उरले साधारण एकवीस-बावीस. त्यातले निम्म्याहून जास्त श्वासातून आणि घामातून उडून जातात. मूत्राला आठ-दहा राहतात. आपला आकडा जुळला. भर उन्हात औत ओढणाऱ्या बैलाचं उडणारं पाणी वाढतं आणि मूत कमी, गडद होतं. लसूणघास, बरसीम अशा प्रथिनांच्या चाऱ्यावर, किंवा मीठ जास्त पडलं तर, ते वाढतं, कारण जादा नत्र आणि क्षार बाहेर टाकायला शरीराला पाणी लागतं.

प्रत्यक्ष मोजायचं असेल तर कोबा किंवा फरशी असलेल्या जागी एकच जनावर बांधा, मोरीच्या तोंडाला बादली पुरा, आणि चोवीस तास तिथे पाणी ओतू नका. गोठा धुणाऱ्याला हे सांगायला विसरलात तर बादलीत पन्नास लिटर सापडतील. शेण तेवढं लगेच उचलत राहा, नाहीतर ते मूत्र शोषून घेतं आणि दोन्ही आकडे बिघडतात.

पायरी 6: आत किती पडलं, बाहेर किती

आतापर्यंतचा आकडा जनावराचा होता, तुम्हाला हवा आहे तो गोठ्याचा. चरायला आठ तास बाहेर गेलेलं जनावर निदान एक तृतीयांश शेण रानात टाकून येतं. वीसाचे तेरा होतात. गावठी गाई सकाळी सुटून दिवेलागणीला परत येत असतील तर निम्म्यावर भरवसा ठेवा. त्यातून सारवणाला, सड्याला, गोवऱ्यांना जातं ते वेगळं. घरात गोवऱ्या थापणारी आजी असेल तर तिला न विचारता हिशेब करू नका.

आमचं गणित मागाहून मांडलं तेव्हा असं दिसलं: मेमधले कडब्यावरचे दोन बैल, पाऊस यायच्या आधीच्या मशागतीला दिवसभर बाहेर, गोठ्यात प्रत्येकी साडेआठ किलो. दोन गाई, चरून आलेल्या, प्रत्येकी सात. बरोबर एकतीस. हे कागदावर आधी मांडलं असतं तर एक घनमीटरची टाकी घेतली असती आणि पैसेही वाचले असते.

म्हैस असेल तर हिशेब तोच, वजन आणि खाणं तिचं धरायचं. पंढरपुरी आणि मुऱ्हा यांना एकच आकडा लावू नका. वासरांना हौसेने 'अर्धं जनावर' धरण्यापेक्षा त्यांचं खाणं मोजा. दुधावरचं वासरू जवळपास काहीच देत नाही.

पायरी 7: तीन दिवसांचा पडताळा

इतकं झाल्यावर सलग तीन दिवस, जमलं तर पाच, खरोखर तोलून बघा. एका दिवसावर जाऊ नका, जनावराचं पोट घड्याळ लावून चालत नाही. घमेलं एकदा रिकामं आणि एकदा भरून तोललं की पुढे नुसती घमेली मोजली तरी चालतं. शेणाला चिकटलेली माती आणि काडीकचरा वजनात धरू नका. अंदाज आणि माप यांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर पुन्हा पायरी दोनवर जा. माझा अनुभव असा की चूक बहुतेक वेळा तिथेच असते, उरलेली वैरण कोणी तोललेलीच नसते.

आकड्याचं करायचं काय

गोबरगॅससाठी: एक किलो ताज्या शेणाला साधारण 0.04 घनमीटर गॅस, म्हणजे रोज एक घनमीटरला पंचवीस किलो शेण. खादी ग्रामोद्योगची तरंगत्या घुमटाची टाकी घ्या नाहीतर 1984 साली आलेली दीनबंधू, शेणाचं गणित बदलत नाही. टाकीचा आकार वर्षातल्या सगळ्यात कमी शेणाच्या महिन्यावरून ठरवा, सरासरीवरून नव्हे. शेणात पाणी 'एकास एक' घाला असं सगळे सांगतात. ते 18 टक्के कोरड्या भागाच्या शेणासाठी खरं आहे, मिश्रण नऊ टक्क्यांवर येतं. पावसाळ्यातलं पातळ शेण 13 टक्क्यांचं असेल तर किलोला साडेचारशे मिलिलिटर पाणी पुरतं. तेव्हाही एकास एक घातलं तर टाकीत नुसतं पाणी खेळवत बसाल.

खताच्या खड्ड्यासाठी: गोठ्यात रोज तेरा किलो टाकणारे दोन बैल चार महिन्यांत 3100 किलोच्या आसपास शेण देतात. काडीकचऱ्यासह हे तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, एक मीटर खोल खड्ड्यात मावतं. कुजल्यावर वजन निम्म्याच्या आसपास येतं. 'एका जनावराचं वर्षाला दहा गाड्या खत' असं सांगणाऱ्याला गाडीचं माप विचारा. शेण फारच कमी असेल तर पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत बघा. दहा बाय सहा बाय तीन फुटांच्या विटांच्या टाक्याला शंभरएक किलो शेण पुरतं, बाकी पालापाचोळा आणि माती. एका बैलाचं आठवड्याचं शेण झालं ते.

आणि नत्राचा हिशेब, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बैल दूध देत नाही, वाढतही नाही. त्यामुळे तोंडातून गेलेलं जवळपास सगळं नत्र शेणा-मूत्रातून बाहेर येतं. वर सांगितलेल्या वैरणीतून त्याला रोज साधारण 600 ग्रॅम प्रथिनं मिळतात. त्याला 6.25 ने भागलं की 96 ग्रॅम नत्र. वर्षाचं 35 किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र असतं पावणेएकवीस किलो. म्हणजे एका बैलामागे वर्षाला पावणेदोन गोण्या गोठ्यात आणि रानात पडतात. शेतात पोचतं त्यातलं थोडंच. मूत्रातला युरिया शेणातल्या जिवाणूंच्या संगतीत काही तासांतच अमोनिया होऊन उडायला लागतो. सकाळी गोठ्यात शिरल्यावर डोळ्यांत चुरचुरतं ते हेच.

म्हणून मूत्राच्या आकड्यावरून अंथरुणाचं माप काढा. बैलाच्या आठ लिटरपैकी पाच गोठ्यात पडत असतील, आणि वाळकं काड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी शोषत असेल, तर रोज अडीच किलो काड किंवा पाचट त्याच्या मागच्या पायांखाली हवं. सकाळी ते शेणाबरोबर खड्ड्यात टाका आणि वर मातीचा पातळ थर द्या. तळाला कोबा असेल तर मोरीकडे चाळीसास एक उतार पुरतो. मातीच्या तळाला उतार देऊन काही मिळत नाही, तिथे काडच घालावं लागतं.

वहीत वर्षातून चार वेळा हे सगळं पुन्हा मांडा: पेरणीनंतर हिरवं सुरू होतं तेव्हा, दिवाळीच्या आसपास, नवा कडबा आल्यावर, आणि मेमध्ये. मेचं पान मात्र कधी चुकवू नका. गेल्या वर्षी आमचं त्या पानावर सव्वीस किलो आलं, कारण एक गाय विकली होती. मे-जूनपुरता एका वेळचा स्वयंपाक चुलीवर, असं घरात आधीच सांगून टाकलं.